दस्तगीर मास्तर आणि उभी बाई

"अरं, हात लावा की तिला कुणीतरी! दीडशे वर्सं उभी हाय बाई! माणसं हायसा का धोंडं?"

मी बाहेर मोटारसायकल स्टँडला लावत होतो. ट्रस्टच्या त्या जुन्या चित्रांच्या हॉलच्या भिंती हातभर जाड आहेत, दारं सागवानी आहेत, आणि मधे अख्खं आवार आहे. तरी तो आवाज असा बाहेर आला की झाडावरचे बगळे उठले आणि थेट पन्हाळ्याच्या तटावर जाऊन बसले. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं बगळ्यांना विचारावं. आवाज कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही. त्या आवाजाच्या शिव्या खात मी चित्रकला शिकलो आणि त्याच आवाजाला घाबरून सोडली.

पळत आत गेलो. दस्तगीर मास्तर उत्तरेकडच्या भिंतीसमोर काठी उगारून उभे होते. वय शहात्तर. अंगात तोच सदरा, ज्याच्यावर आजवर इतके रंग सांडले होते की त्याचा मूळ रंग तो शिवणाऱ्या शिंप्यालाही सांगता आला नसता. त्यांच्यासमोर हॉलचे शिपाई महादूमामा, हातात केरसुणी, चेहऱ्यावर काही नाही. महादूमामांच्या चेहऱ्यावर कधीच काही नसतं.

"मास्तर, कुठली बाई? हितं कोण बाई उभी न्हाय."

खरं तर एक बाई होती, पण ती बसली होती. जयसिंगपूरहून हॉल बघायला आलेलं एक जोडपं कोपऱ्यातल्या बाकावर टेकलं होतं. त्यातल्या गृहस्थांनी घाईनं बायकोचा दंड धरला. "अगं ऊठ, कुणालातरी बसायचंय वाटतं."

"ही काय!" मास्तरांनी काठी भिंतीवर रोखली.

"त्ये चित्र हाय मास्तर."

"चित्र हाय म्हणूनच वरडतोय, महादू. जित्ती असती तर तिनं कवाच टाकून दिला असता भारा."

आता हे चित्र काय, ही बाई कोण आणि मास्तरांनी तिच्यापायी अख्खं कोल्हापूर का डोक्यावर घेतलं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मला थापाड्या म्हणतात, ते बरोबरच आहे. पण मास्तरांच्या बाबतीत मला थापा मारायची गरज कधी पडली नाही. उलट खरं तेवढं सांगितलं तरी लोक "बास कर की आता" म्हणतात, म्हणून मी थोडं कमीच करून सांगतो.

त्या हॉलच्या तीन भिंतींवर मोठी माणसं आहेत. सरदार, जहागीरदार, दिवाण. एकोणिसाव्या शतकात तैलरंग नवीन आले आणि ज्याच्या वाड्यात चार खांब होते त्यानं स्वतःला रंगवून घेतलं. प्रत्येकाखाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव, बापाचं नाव, पदव्या. एका जहागीरदाराच्या पदव्या इतक्या लांब की पट्टी शेजारच्या दिवाणाच्या चौकटीखाली शिरली आहे. उत्तरेकडच्या भिंतीवर मात्र कामकरी माणसं. भाता ओढणारा, पखाल वाहणारा, दोर वळणारा म्हातारा आणि ही बाई. त्याच काळातली, तितक्याच हौसेनं रंगवलेली. पण खाली पट्टीवर काय? 'लोहार'. 'पखालवाला'. 'दोरवाला'. 'वैरणवाली'. जणू सरदाराला आईबापानं नाव ठेवलं आणि लोहाराला ऐरणीनं.

वैरणवाली बाई पुरुषभर उंचीच्या चित्रात उभी आहे. विटक्या काठाचं लुगडं, कमरेला खोचलेला विळा, डोक्यावर कापडाची चुंबळ आणि चुंबळीवर ओल्या गवताचा भारा. भारा एवढा की वरचा भाग चित्राच्या चौकटीत मावलेलाच नाही. चित्रकाराची सही खरवडलेली. तोंड शांत. पण मानेच्या डाव्या बाजूला एक शीर आहे, दोरीसारखी ताठ. ही शीर मास्तरांनी आमच्या तीस वर्षांच्या सगळ्या बॅचेसना दाखवली. "बगा," म्हणायचे. "तोंड लपवतंय, मान सांगत्या. चित्रकारानं हिला खऱ्या भाऱ्यासकट उभी केली. सकाळधरनं. ही शीर मनानं काढता येत न्हाय, मर्दा, ही बगूनच काढावी लागत्या. म्हंजे त्यो बगत हुता. बगत हुता आणि काढत हुता."

एवढं बोलून ते गप्प व्हायचे. दस्तगीर मास्तर गप्प झाले की आम्ही घाबरायचो. ओरडणं ही त्यांची नेहमीची तब्येत होती.

आर्ट कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, व्यक्तिचित्रणाच्या तासाला, ते बाजारातून एक खरीच गवत विकणारी बाई घेऊन आले. शाहूवाडीकडच्या, नाव आक्काताई. आक्काताई वर्गात आल्या आणि भारा खाली, कॉलेजच्या पायरीपाशी.

"जावा," मास्तर आम्हाला म्हणाले. "वर आणा भारा."

आम्ही बाराजण. त्यातले तीन तालमीत जाणारे, रोज अर्धा डझन अंडी खाणारे. पहिल्यानं भारा डोक्यावर घेतला आणि तिसऱ्या पायरीवर बसला. दुसऱ्याची मान अशी वाकडी झाली की तो पुढं वर्षभर सगळ्यांची चित्रं तिरकीच काढत होता. माझं काय झालं ते सांगत नाही, कारण हे मास्तरांचं व्यक्तिचित्र आहे. शेवटी आक्काताई खाली आल्या, आमच्यातल्या एकाला "हात लाव की रं जरा" म्हणाल्या आणि भारा घेऊन वर गेल्या, मधे एकदा पदरसुद्धा सावरला.

"आदी मान मोडून घ्या," मास्तर म्हणाले, "मग मान काढा."

त्यांचा दुसरा नियम असा की मॉडेल म्हणून बसलेल्या माणसाचं नाव आणि गाव चित्राखाली लिहायचंच. राहिलं तर शून्य. नाक बरोबर आहे, सावली बरोबर आहे, नाव नाही, शून्य. "चेहरा घेतलास, नाव तरी ठेव खाली," हे त्यांचं वाक्य. आमच्यातल्या एकानं आळसानं नुसतं 'म्हातारा' लिहिलं, तर मास्तरांनी त्यालाच दुसऱ्या दिवशी समोर बसवलं, आम्हा सगळ्यांना त्याचं चित्र काढायला लावलं आणि खाली 'एक गाढव' असं लिहायला सांगितलं. तो रडकुंडीला आला. "मास्तर, माझं नाव लिहा की."

"का? चेहरा तर तुझाच हाय."

त्यांच्याकडं परदेशी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, पानं सुटलेलं. त्यात तिकडच्या शेतातली एकोणिसाव्या शतकातली माणसं. वाकून कणसं वेचणाऱ्या बाया, खोरं टेकून उभा म्हातारा. मास्तर पानं उलटत म्हणायचे, "तिकडं बी आपलंच. वाकल्यात तिघीजणी, आणि नाव एकाचंच. खाली सही करणाऱ्याचं."

हा राग कुठून आला होता हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या घरी एक टेबल होतं, त्याचा एक पाय आखूड. त्या पायाखाली काहीतरी गोल, जाड, चपटं घातलेलं. मी एकदा खाली वाकून बघितलं तर मेडल! प्रदर्शनातलं, पहिल्या नंबराचं.

"मास्तर, हे हितं?"

"त्ये हितंच बरं हाय. टेबल हलत न्हाय त्येनं."

मग चहा झाल्यावर आपणहून सांगितलं. पंचवीस वर्षांचे असताना त्यांनी एका हमालाचं चित्र काढलं होतं. गुळाचं ओझं पाठीवर घेतलेला. सकाळपासून उभा केला होता त्याला. दुपारी तो म्हणाला, "सायेब, जरा हात लावा, खाली ठेवतो." मास्तर म्हणाले, "थांब, सावली बदलंल." त्याला थांबवला. चित्र झालं, मेडल झालं.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

मास्तरांनी रिकामी बशी कपाखाली सरकवली. "इचारलं न्हाय," म्हणाले.

आता इथं एक गोष्ट शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे. डोक्यावरचा मोठा भारा एकट्यानं चढवता येत नाही आणि एकट्यानं उतरवताही येत नाही. बांधावर, वाटेवर, बाजारात, भारा घेतलेलं माणूस समोर दिसेल त्याला म्हणतं, "हात लावा ओ." आणि हात लावायचा असतो. तिथं नाव, गाव, जात, भांडण काही आठवायचं नसतं. आमच्याकडं बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले दोन भाऊ आहेत. पण एकाच्या डोक्यावर भारा असला की दुसरा येतो, हात लावतो, भारा खाली ठेवतो, आणि मग परत भांडणाला जिथं सोडलं तिथून सुरुवात करतात.

तर मास्तरांनी वैरणवालीचं नाव शोधायचं ठरवलं. निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरं कामच उरलं नाही. बाईच्या तोंडाची एक नक्कल काढली, कापडात गुंडाळली आणि जुन्या स्कूटरवरून गावोगाव निघाले. ती स्कूटर एवढा धूर सोडायची की मास्तर गावात पोहोचायच्या आधी गावकरी बंब घेऊन वेशीवर यायचे.

कोडोलीत त्यांनी चित्र पारावर ठेवलं आणि विचारलं, "हिला वळकता काय?"

अर्ध्या तासात सहा घरं पुढं आली. प्रत्येकाची ती पणजी होती. एक म्हणाला, नाक आमचं. दुसरा म्हणाला, नाक तुमचं असंल, रुबाब आमचा. एका घरानं तर तिथल्या तिथं चित्राला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. मास्तर नक्कल परत मागायला लागले तर घरातला कर्ता माणूस हात जोडून म्हणाला, "पावणं, आमच्याकडं आज्याच्या आईचा एक फोटू न्हाय. ऱ्हावू दे की."

"नाव काय त्यांचं?"

"म्हातारी म्हणायचे की," एकजण म्हणाला.

मास्तर नक्कल तिथंच सोडून आले आणि घरी येऊन दुसरी काढली. मग तिसरी. मला वाटतं त्या बाईच्या तोंडाच्या पंधरा-वीस नकला आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या भिंतींवर हार घालून आहेत. कुणाची सासू म्हणून, कुणाची पणजी म्हणून. एका दुकानात तर देवीच म्हणून उदबत्ती ओवाळून घेते. नाव मात्र एकाही ठिकाणी नाही.

या सगळ्या काळात मी काय करत होतो? फ्लेक्स छापत होतो. चित्रकलेत माझं झालं नाही आणि फ्लेक्सच्या धंद्यात माझ्याइतकं कुणाचं झालं नाही. वाढदिवस, निवड, पुनर्निवड, बारसं. मी असे चेहरे छापलेत की उजेडाला आडवे आले म्हणून खालच्या चौकात दिवसा दिवे लावायला लागले. मास्तर दुकानात यायचे, वीस फूट उंचीच्या कुठल्यातरी दादाकडं बघायचे. खाली नाव, टोपणनाव, पद, होऊ घातलेलं पद आणि शुभेच्छुकांची वीस नावं.

"बाळ्या," म्हणायचे, "हेनं काय उचललंय रं आजवर?"

"मास्तर, धंदा हाय."

"व्हय, व्हय." आणि काठी टेकत जायचे.

मग त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा. "कडेकडेनं अंधार येत चाललाय," मास्तर मला सांगत होते, जसं काही दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. "मधी एक भोक उरलंय. त्या भोकात तिचं तोंड मावतंय, भारा मावत न्हाय."

आणि त्याच सुमाराला ती यायला लागली.

हे मी मास्तरांच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो. भर दुपारी, ते जेवून पाय पसरून बसले की दारात अंधार पडायचा. बघतात तर ती उभी. लुगडं, विळा, भारा, सगळं तसंच. बोलायची नाही. ओल्या गवताचा वास मात्र स्वयंपाकघरापर्यंत.

"आत ये म्हणायचं," मी गंमतीनं म्हणालो. माझ्या अंगावर काटा आला होता, म्हणून गंमत केली.

"म्हणलो की. मान हलवली तिनं, जेवढी हलंल तेवढी. भारा दारातनं मावत न्हाय रं."

मी हसलो नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या दाराची रुंदी बघितली.

तिकडं हॉलमध्ये महादूमामांची वेगळीच तक्रार. रोज सकाळी वैरणवालीच्या चित्राखाली फरशीवर गवताच्या काड्या पडलेल्या असायच्या. चार-पाच, कधी मूठभर. त्यांनी आधी चिमण्यांवर संशय घेतला आणि झरोक्यांना जाळ्या मारल्या. मग मास्तरांवर. कारण मास्तरांनी घरात अभ्यासासाठी गवताचा एक खरा भारा आणून ठेवला होता आणि त्यांच्या सदऱ्याला काड्या चिकटलेल्या असत. महादूमामांनी दारातच त्यांचा सदरा झटकून घ्यायला सुरुवात केली. तरी काड्या पडतच होत्या. मास्तर आठ दिवस शाहूवाडीकडं गेले होते, तेव्हाही पडत होत्या. हे महादूमामांनी मला स्वतः सांगितलं. महादूमामा खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्यांच्याकडं नाही.

शाहूवाडीकडं मास्तर गेले होते ते आक्काताईंच्या गावी. आक्काताई केव्हाच गेल्या होत्या, पण त्यांची एक चुलत सासू जिवंत होती. वय गावाच्या मते शंभर, तिच्या स्वतःच्या मते त्याहून बरंच जास्त, आणि डोळ्यांनी पूर्ण आंधळी. मास्तरांना आता गाडी चालवता येत नव्हती. ते एसटीनं गेले होते आणि आठव्या दिवशी त्यांना परत आणायला मी गेलो, म्हणून पुढचं सगळं मी कानांनी ऐकलेलं आहे.

म्हातारी अंगणात उन्हाला बसली होती. मास्तरांनी तिच्या मांडीवर चित्र ठेवलं. तिनं कापडावर हात फिरवला.

"कोण ही?"

"त्येच इचारायला आलोय, आजी. तुमच्याकडच्या बाया पूर्वी कोल्लापुरात गवत घिऊन यायच्या. त्यातली असंल. नाव पायजे हुतं."

"काय करत्या ती हितं?"

"उभी हाय."

"डोक्यावर?"

"भारा हाय गवताचा."

"मग बसलीया कवा?"

"बसली न्हाय, आजी. चित्रात उभीच हाय. दीडशे वर्सं झाली असतील."

म्हातारीचा हात चित्रावर थांबला. आणि मग ती अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली. मी आजवर फक्त मास्तरांना ओरडताना ऐकलं होतं. त्यांच्यावर कुणी ओरडतंय हे पहिल्यांदाच.

"मुडद्या! तिच्या डोक्यावर भारा, आणि तू नाव इचारत फिरतोस व्हय! कुणी शिकवलं रं तुला? आदी हात लाव की भाऱ्याला! नाव ती सांगंल न्हायतर न्हाय सांगायची, तिची मर्जी!"

मास्तरांनी चित्र तिच्या मांडीवरून उचललं आणि कापडात गुंडाळलं. परत येताना ते माझ्या गाडीवर मागं बसले. पन्हाळ्याचा डोंगर बघितला नाही, चहाला उतरले नाहीत. कोल्हापूर जवळ आल्यावर एकदाच माझ्या खांद्याशी तोंड आणून म्हणाले, "पन्नास वर्सं, बाळ्या. पन्नास वर्सं बगतोय आणि काढतोय."

त्यानंतर त्यांनी घरात स्वतःला कोंडून घेतलं. वैरणवालीला बसलेली काढायची ठरवली. भारा बाजूला, ती दगडावर, पाय पसरून. डोळ्यांत उरलेल्या त्या भोकातून वीतभर-वीतभर बघत रंगवत होते. एकदा मी गेलो तर तीन कॅनव्हास भिंतीला टेकवलेले. तिन्हींवर बाई उभी.

"मास्तर, बसलेली काढणार होता न्हवं?"

"बसलेलीच काढाय घेतो. संध्याकाळपत्तूर उभी ऱ्हाती." त्यांनी बोटांना लागलेला हिरवा रंग सदऱ्याला पुसला. "तिचं बरोबर हाय. भारा डोक्यावर असताना बसंल कशी? आदी उतरायला पायजे. आणि त्यो काय एकट्याच्यानं उतरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "हॉलवर ये बाराला. डोळ्यांचं आता काय खरं न्हाय. हायत तवर तिला बसवायची हाय."

तर मी बारा वाजता पोहोचलो, स्टँड लावत होतो, आणि आतून तो आवाज आला, ते सुरुवातीला सांगितलंच.

"आलास?" मास्तरांनी माझ्या पावलांवरून ओळखलं. "धर त्या बाजूनं."

"काय धरू, मास्तर?"

"भारा."

जयसिंगपूरच्या गृहस्थांनी बायकोला आणखी थोडं मागं ओढलं. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात वर केले, तळवे आत, जसं समोरच्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं घेतात तसे, आणि चित्राच्या डाव्या अंगाला उभे राहिले.

"मास्तर!" महादूमामा ओरडले. "चित्राला हात लावायचा न्हाय! पाटी हाय तशी!"

"चित्राला कोण लावतंय, महादू? भाऱ्याला लावतोय."

मी काय करणार? मी माणूस असा की दहा हजार लोकांच्या सभेत माइक हातात आला तरी लाजत नाही. पण त्या रिकाम्या हॉलमध्ये हात वर करताना मला घाम फुटला. तीन भिंतींवरचे सगळे सरदार बघत होते. मी उजव्या अंगाला उभा राहिलो आणि हात वर केले, कापडापासून वीतभर अंतरावर.

"उचल थोडा," मास्तर म्हणाले. "चुंबळीवरनं सुटू दे. हां. आता माझ्याबरुबर. सावकाश. तिची मान लचकंल."

आम्ही दोघं हळूहळू वाकायला लागलो. आता मी सांगतो ते कुणी मान्य करणार नाही, आणि माझा पूर्वेतिहास बघता करूही नये. माझ्या हातांत वजन आलं. मनगटात आलं, खांद्यात आलं, कमरेत कळ आली. कॉलेजच्या पायरीवर आक्काताईंच्या भाऱ्याखाली जिथं आली होती तिथंच. आम्ही गुडघ्यांवर आलो, मग फरशीपर्यंत. मास्तरांनी हात सोडले, मी सोडले. ते तिथंच फरशीवर बसून राहिले, धापा टाकत.

"बस बाई," म्हणाले. "बस आता."

मग मास्तरांनी तोंड वर केलं. त्यांना चित्र दिसत नव्हतं हे मला कळलं, कारण ते चित्राच्या थोडं शेजारी बघत होते.

"बाळ्या. मला धुकं दिसतंय नुसतं. बग जरा. मानंवरची शीर?"

मी बघितलं. दुपारचा उजेड झरोक्यातून सरळ चित्रावर पडला होता. बाई होती तशी उभी, भारा होता तसा डोक्यावर, आणि शीर होती तशी ताठ, दोरीसारखी.

जन्मभर मी लोकांना हसवायला खोटं बोललो. गिऱ्हाइकांना खपवायला बोललो, बायकोला उशीर का झाला ते सांगायला बोललो.

"बसली, मास्तर," मी म्हणालो. "शीर बसली. मान मोकळी झाली बगा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं, म्हणजे जिथं माझं तोंड असावं असं त्यांना वाटलं तिथं, बराच वेळ बघितलं. मग काठी मागितली.

ही आमची शेवटची भेट. त्यानंतर पंधरवड्यानं त्यांच्या भाचीचा फोन आला. दुपारी जेवून पाय पसरून बसले होते, तसेच गेले. भाचीनं सांगितलं, "मामू शेवटचे आठ-दहा दिवस खुशीत हुते. रोज दुपारी दाराकडं बघायचे आणि म्हणायचे, आज बी आली न्हाय. बरं झालं."

मातीला शहर लोटलं होतं. मी म्हटलं असतं की अख्खा जिल्हा लोटला, पण तेवढी माणसं नव्हती. बाराजणांच्या बॅचमधले नऊजण होते, आणि त्यातला एक जण मान तिरकी करून उभा होता. दुकानाच्या कोपऱ्यावर मी मास्तरांचा एक फ्लेक्स लावला. खाली नाव, गाव. शुभेच्छुक कुणी नाही.

पण माझ्या पोटात ते खोटं राहिलं होतं. म्हणून मातीनंतर चार दिवसांनी मी हॉलवर गेलो. कबुली द्यायला म्हणा. माणसापाशी नाही देता आली, निदान बाईपाशी द्यावी. हॉलमध्ये मी आणि महादूमामा दोघंच. मी चित्रासमोर गेलो. पट्टी तीच: 'वैरणवाली'. लुगडं, विळा, चुंबळ, चौकटीत न मावलेला भारा. सगळं जागच्या जागी.

मानेवर शीर दिसेना.

मी चष्मा पुसला. जवळ गेलो, लांब गेलो. मोबाइलचा टॉर्च लावला, तसं महादूमामा लांबून "पाटी हाय" म्हणाले. टॉर्च बंद केला. तिथं सावली होती, गळ्याची साधी सावली, कुठल्याही बाईच्या मानेवर असते तशी. मला स्वतःचीच भीती वाटली. जन्मभर थापा मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवावा? मी स्वतःसुद्धा ठेवला नसता. मला साक्षीदार पाहिजे होता, आणि अख्ख्या कोल्हापुरात मला ठाऊक असलेला एकच खरं बोलणारा माणूस माझ्या मागं फरशी झाडत होता.

"मामा," मी म्हणालो, "हिच्या मानंवर शीर हुती न्हवं?"

"मला इचारू नगा. मी चित्रं बगत न्हाय. मी फरशी बगतो."

"मग फरशीवर काय?"

महादूमामांनी केरसुणी तळहातावर आपटून सारखी केली.

"गवत पडायचं बंद झालंय."